रास, ढीग, डोंगर

आम्ही दोघी मराठी शिकवतो; एक साताऱ्यात, दुसरी सांगलीत. एम.ए.ला कोल्हापुरात एकाच वसतिगृहात होतो. वाचलेले एकमेकींना सांगायचे आणि लिहायचे ते मिळून लिहायचे, ही सवय तेव्हापासूनची. हा लेखही त्याच सवयीने लिहिला आहे. विषय मात्र आमचा नाही. कोळशाच्या खाणीतून निघालेल्या टाकाऊ मातीचे ढीग उभे कसे राहतात आणि कोसळतात कसे, हा तो विषय. साहित्याच्या अभ्यासकांनी यात का शिरावे, याचे उत्तर शेवटापर्यंत देता येईल असे वाटते. न आल्यास दोष आमचा.

सुरुवात एका संमेलनापासून झाली. फेब्रुवारी २०१२ मध्ये पंच्याऐंशीवे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चंद्रपुरात भरले. अध्यक्ष वसंत आबाजी डहाके होते. २००८ साली संमेलन सांगलीत झाले तेव्हा आम्ही पाहुण्यांच्या सरबराईत होतो, त्यामुळे भाषणे कमी आणि चहा जास्त वाट्याला आला होता. चंद्रपूरला आम्हीच पाहुण्या होतो. संमेलन आटोपल्यावर एक दिवस हाताशी होता म्हणून ताडोबाच्या रस्त्याला लागलो. दुर्गापूर, पद्मापूर मागे पडत असताना एक डोंगर दिसू लागला. माथा सपाट, अंगावर पायऱ्या, मधूनमधून झुडपे. सह्याद्रीच्या मुलखातल्या माणसाला सपाट माथ्याचे नवल नसते. आमचा अजिंक्यताराही दुरून तसाच दिसतो. त्यामुळे सहज विचारले, हा कुठला डोंगर? गाडीवाला हसला. "डोंगर नाही जी मॅडम, खदानीची माती आहे ते. ओबी म्हणतात."

तीस-एकतीस वर्षांच्या दोन प्राध्यापिका, जन्म डोंगराच्या पायथ्याशी आणि कृष्णेच्या काठी गेलेला, आणि आम्हाला डोंगर आणि ढीग यांतला फरक कळला नव्हता. त्या दिवशी आम्ही त्यावर विनोद केले. पुढे काही वर्षांनी त्या विनोदाची लाज वाटण्याचा प्रसंग आला. तो यथावकाश सांगतो.

आधी ढिगाविषयी. वर्धेच्या खोऱ्यात कोळसा जमिनीखाली थरांनी पसरलेला आहे. त्याच्यावर काळी माती, चिकणमाती, वाळूचा दगड असे थर चढलेले. उघड्या खाणीत हे सगळे आधी उकरून बाजूला करावे लागते. एक टन कोळसा हाती यायचा तर कित्येक घनमीटर माती-दगड हलवावा लागतो. शिवाय जमिनीत दाबून बसलेला दगड फोडला की तो फुगतो. खड्ड्यातून काढलेला माल त्याच खड्ड्यात पुन्हा मावत नाही, साधारण सव्वापट जागा मागतो. खड्डा पुरेसा मोठा होईपर्यंत तर त्यात परत टाकताही येत नाही. म्हणून तो खाणीशेजारी रचला जातो, आणि वर्षानुवर्षे रचत राहिले की त्याचा डोंगर दिसू लागतो. चंद्रपुरात इरई नदीच्या काठालगतही असे ढीग आहेत. त्यांनी पात्राला आवळले आणि त्यामुळे पुराचे पाणी शहराकडे वळते, ही चंद्रपूरकरांची जुनी तक्रार आहे.

ढीग किती उभा रचावा? आमच्या भागात याचे उत्तर खळ्यावर मिळते. ज्वारीची रास घालताना सूप कितीही उंच धरले, तरी रास एका मर्यादेपलीकडे उभी चढत नाही. उतार ठरावीक झाला की दाणे घरंगळून पायथ्याशी येतात आणि रास उंचीबरोबर रुंदही होत जाते. प्रत्येक सुट्या पदार्थाला असा स्वतःचा एक उतार असतो. ज्वारीचा वेगळा, वाळूचा वेगळा, फोडलेल्या दगडाचा वेगळा. कोळसा खाणींच्या भारतीय नियमांनी हीच गोष्ट आकड्यांत बांधली आहे. ढिगाचा उतार त्या मालाच्या स्वाभाविक उताराप्रमाणे असावा, पण कोणत्याही परिस्थितीत साडेसदतीस अंशांहून अधिक नसावा. ढीग ३० मीटरहून उंच जाणार असेल तर त्याला पायऱ्या काढाव्यात, आणि एकही पायरी ३० मीटरहून उंच नसावी. ताडोबाच्या रस्त्यावर आम्हाला गडाच्या तटासारख्या वाटलेल्या त्या पायऱ्या अशा नियमातून आलेल्या होत्या.

पण रास कोरडी असते. ढिगावर पाऊस पडतो. खरा प्रश्न तिथून सुरू होतो, आणि तो समजायला दिवाळीच्या किल्ल्याइतके चांगले साधन नाही. कोरड्या मातीचा किल्ला उभा राहत नाही. थोडे पाणी शिंपडले की माती हाताला धरते, कडे आणि बुरूज सरळ उभे करता येतात. मग हाळीव किंवा मोहरी पेरायची आणि रोज हलका शिडकावा करायचा. एखाद्या दिवशी घरातला धाकटा उत्साहाने तांब्याभर पाणी ओततो. बुरूज लगेच पडत नाही. आधी माथा किंचित खाली बसतो, वरच्या बाजूला चंद्रकोरीसारखी भेग दिसते, पायथ्याशी माती फुगून पुढे येते. आणि मग एका क्षणात सगळे वाहून खाली येते. सिंहासनावरच्या मातीच्या महाराजांना त्या वेळी हाताने उचलून घ्यावे लागते.

हे का घडते, ते आम्ही स्थापत्यशास्त्र शिकवणाऱ्या एका सहकाऱ्यांकडून समजून घेतले. मातीचे आणि दगडाचे कण एकमेकांवर रेलून, एकमेकांना घासून उभे असतात. ढिगाचा सारा आधार म्हणजे ही पकड. कणांमधल्या पोकळ्यांत पाणी भरले आणि त्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, की वरचा भार काही अंशी ते कोंडलेले पाणीच उचलू लागते. कणांचा एकमेकांवरचा दाब हलका होतो आणि दाबाबरोबर घर्षणही जाते. म्हणजे ढीग पाण्याने जड होत असतो आणि नेमक्या त्याच वेळी त्याची पकड सुटत असते. चिमूटभर पाणी माती सांधते, घागरभर पाणी तिचा चिखल करते. त्यामुळे ढिगाची सुरक्षितता बव्हंशी पाण्याच्या वाटेवर ठरते. ढिगाभोवती चर खणून वरचे वाहते पाणी बाहेरच्या बाहेर वळवायचे. पायऱ्यांना आतल्या बाजूला किंचित ढाळ द्यायचा, म्हणजे पाणी तोंडावरून ओघळ पाडत न धावता पायरीच्या मुळाशी गोळा होऊन चरातून जाईल. पायथ्याला मोठ्या दगडांची अशी भिंत रचायची, की ती माती अडवील पण पाणी सोडील. आणि अंगावर गवत-झाडे लावायची.

सहकाऱ्यांनी हे सांगितले तेव्हा आम्हाला त्यात नवे फार थोडे वाटले. आमच्याकडे शेताच्या उताराला ताल घालतात ती सुक्या दगडांची. त्यात माती-चुना भरत नाहीत. पाणी फटींतून गाळून जावे, माती मागे राहावी. बांधाला सांड ठेवतात, आणि सांड बुजवणाऱ्या शेजाऱ्याशी भांडण कोर्टापर्यंत जाते. ढिगाच्या तळाशी काळी माती असेल तर ती आधी काढून घ्यावी, हेही आम्हाला नवे नव्हते. कृष्णाकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात पाय जाईल इतक्या भेगा पाडते. म्हणून घराचा पाया घेताना काळी उकरून मुरूम भरण्याची रीत सांगलीत घरोघर ठाऊक आहे. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या योजनांचे कालवे खणले तेव्हा कडेला पडलेले मुरमाचे आणि दगडांचे ढीगही आमच्यापैकी एकीच्या रोजच्या वाटेवर होते. पहिल्या दोन पावसाळ्यांत त्यांच्यावर ओघळ कसे पडले, हे तिने शाळेत जाता-येता पाहिले होते.

म्हणजे ज्ञान होते. शब्दही होते. तरीही आम्ही चुकलो.

चुकीकडे जाण्याआधी एका परदेशी गावाचे नाव घ्यावे लागेल. ३० जुलै २०१४ च्या सकाळी पुणे जिल्ह्यातील माळीण दरडीखाली गेले. दीडशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतर दरडींविषयी जे हाताला येईल ते वाचत असताना आम्हाला अ‍ॅबरफॅन भेटले. दक्षिण वेल्समधले हे खाणकामगारांचे गाव. तिथल्या कोळसा खाणीचा टाकाऊ माल गावावरच्या डोंगरउतारावर टाकला जात असे. १९५८ पासून रचलेला सातव्या क्रमांकाचा ढीग नेमका झऱ्यांवर रचला गेला होता. झरे सरकारी नकाशांवर होते, गावातल्या पोराटोरांना माहीत होते. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी, शुक्रवारी, सकाळी सव्वानऊच्या सुमारास, दिवसांच्या पावसानंतर तो सुमारे ३४ मीटर उंचीचा ढीग पातळ होऊन खाली आला. खाली शाळा होती. हजेरी नुकतीच झाली होती. १४४ माणसे मेली, त्यांत ११६ मुले.

शाळेच्या पाठीमागे टाकल्या जाणाऱ्या या मालापासून धोका आहे, असे तिथल्या नगरपालिकेच्या अभियंत्याने १९६३ सालीच लेखी कळवले होते. मृत्यूंच्या कारणांची नोंद करताना अधिकाऱ्याने एका मुलाच्या नावापुढे गुदमरणे आणि जखमा असे वाचले, तेव्हा त्याचे वडील उभे राहिले. असे नका लिहू, कोळसा मंडळाने जिवंत पुरले असे लिहा, अशी त्यांची मागणी होती. चौकशी आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला. ही कहाणी दुष्टपणाची नसून अज्ञानाची, अकार्यक्षमतेची आणि संवाद तुटल्याची आहे, असा निष्कर्ष न्यायमूर्ती एडमंड डेव्हिस यांच्या आयोगाने नोंदवला आणि जबाबदारी स्पष्टपणे कोळसा मंडळावर ठेवली.

व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला त्या बापाची मागणी सोडत नाही. तो कर्ता मागत होता. 'दरड कोसळली', 'ढीग घसरला', 'पाणी शिरले' अशी आपली सगळी वाक्ये अकर्मक आहेत. माती स्वतःच उठून चालू लागली, असे ती सांगतात. डोंगराच्या बाबतीत ते काही अंशी खरेही असेल. ढिगाच्या बाबतीत नाही. ढीग कुणीतरी, अमुक जागी, अमुक साली रचलेला असतो. त्याला मालक असतो, नकाशा असतो, नियम असतो. २९ डिसेंबर २०१६ रोजी झारखंडच्या गोड्डा जिल्ह्यात ललमटिया इथल्या खाणीत मातीचा प्रचंड भाग खाली आला आणि २३ कामगार गेले. तेव्हाही बातम्यांतली क्रियापदे अकर्मकच होती.

आयोगाच्या निष्कर्षातला तिसरा शब्द, संवाद तुटणे, हा तर आमच्याच खात्याचा. तो वाचताना आम्ही आवेशाने माना डोलावल्या होत्या. गावकरी सांगत होते आणि ऐकणारे ऐकत नव्हते. आम्ही अर्थातच स्वतःला गावकऱ्यांच्या बाजूला उभे केले होते.

आता आमची गोष्ट. २०१९ च्या पावसाळ्यात सांगली पुरात होती आणि साताऱ्याच्या पश्चिमेला पाऊस थांबत नव्हता. सप्टेंबरमध्ये प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना 'आमच्या गावचा पावसाळा' असा निबंध लिहायला दिला. पाटण तालुक्यातल्या एका वाडीवरच्या मुलीने दोन पाने लिहिली. त्यांत तीन वाक्ये होती: "गोठ्यामागं डोंगराचं पोट सुटलंय. वर टेकावर डोंगरानं तोंड उघडलंय. झऱ्याला आठ दिस झालं तांबडं पाणी येतंय." आम्ही वह्या एकमेकींना दाखवतो, तशी ही वहीही दोघींनी पाहिली. शेरा एकीच्या हाताने लिहिला गेला, पण ठरवला दोघींनी. तो असा: "चेतनगुणोक्तीचा चांगला उपयोग. बोलीचा गोडवा. मात्र तिसरे वाक्य विषयाशी सुसंगत नाही." दहापैकी सात गुण.

२२ जुलै २०२१ च्या दिवस-रात्रीत महाबळेश्वरला २४ तासांत ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. त्या रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या गावांवर दरडी आल्या आणि माणसे घरांसकट गेली. त्याच दिवशी रायगडात तळिये गेले. आमच्या विद्यार्थिनीची वाडी या गावांपैकी नव्हती. तिच्याकडे फक्त गोठा गेला, दोन म्हशी गेल्या, परड्यातला फणस गेला. माणसे दोन दिवस आधीच खालच्या शाळेत राहायला गेली होती. आठवड्याने फोन लागला. आम्ही धीराचे चार शब्द बोललो. ती म्हणाली, "मॅडम, मी ते उपमा म्हणून नव्हतं लिहिलं. पोट सुटलंच हुतं. आज्जा रोज बघून यायचा."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. एक चुकलेला मुद्दा ती दुरुस्त करत होती. मग आम्ही ती तीन वाक्ये पुन्हा वाचली. पायथ्याशी फुगवटा, माथ्याला ताणाची भेग, झऱ्याला गढूळ पाणी म्हणजे आतली माती धुऊन निघते आहे याची खूण. उतार अस्थिर झाल्याची जी लक्षणे अभियंते पाहणीत प्रथम शोधतात, त्यांतली तीन ओळीने मांडलेली होती. तिसरे वाक्य तर सगळ्यांत महत्त्वाचे, कारण ते पाण्याविषयी होते. विषयाशी सुसंगत नाही म्हणून आम्ही तेच बाहेर काढले होते.

चेतनगुणोक्ती म्हणजे अचेतनावर मनुष्याच्या गुणांचा आरोप. तिथे आरोप होता का? मराठीत डोंगराला माथा असतो, पायथा असतो, खांदा, सोंड, कूस, नाक असते. नदीला मुख असते, ओढ्याला पोट असते. हे शब्द कुणा कवीने दिलेले नाहीत. ज्यांना डोंगरातून वाट काढायची, गुरे न्यायची, लाकूडफाटा आणायचा त्यांनी कामासाठी घडवलेली ती परिभाषा आहे. अभियंत्यांची इंग्रजीसुद्धा वेगळी नाही. घसरणाऱ्या उताराच्या तळाच्या कडेला ते पायाच्या बोटांचाच शब्द वापरतात आणि वरच्या कडेला मुकुटाचा. त्यांच्या अहवालात हे शब्द आले तर ती संज्ञा. वाडीवरच्या मुलीच्या वहीत आले तर तो अलंकार. हा भेद आम्ही केला, आणि एम.ए.पर्यंतच्या शिक्षणाने आम्हाला तो करायला शिकवले होते. अ‍ॅबरफॅनची कथा वाचताना ज्या बाजूला आम्ही उभ्या होतो असे आम्हाला वाटले, त्या बाजूला आम्ही नव्हतो. आम्ही कागद हाती येऊनही तो भलत्या फायलीत ठेवणाऱ्या माणसांच्या बाजूला होतो.

आम्ही वेळीच ओळखले असते तर काय झाले असते, हे माहीत नाही. डोंगर थांबला नसता. म्हशी कदाचित दुसऱ्या गोठ्यात असत्या. घरातली माणसे वाचली ती आज्याच्या रोजच्या फेरीमुळे, आमच्यामुळे नव्हे. डोंगर आणि ढीग एक नव्हेत, हेही आम्ही विसरत नाही. पाटणच्या उतारावर काळ्या दगडाचे थर आहेत, मधूनमधून तांबडी चिकट माती आहे, तिच्यावर मुरलेले पाणी अडते आणि झरा होऊन बाहेर येते. ही रचना कुणी केलेली नाही. पण दोन्हीकडे प्रश्न एकच असतो: पाणी कुठून आत जाते आणि बाहेर पडायला त्याला वाट आहे का. आणि दोन्हीकडे ते पहिल्यांदा ज्याला दिसते तो बहुधा खाली राहणारा माणूस असतो.

आता आम्ही एक गोष्ट करतो. प्रथम वर्षाला व्यावहारिक मराठीत अर्जलेखन असते. साहित्याचे प्राध्यापक हा भाग घाईने उरकतात. आम्हीही उरकत असू. आता दोन्ही महाविद्यालयांत आम्ही ती तीन वाक्ये, मुलीची परवानगी घेऊन आणि गावाचे नाव न सांगता, फळ्यावर लिहितो आणि तहसीलदारांना अर्ज लिहायला सांगतो. भेग किती पावले लांब, कधीपासून, गोठ्यापासून किती अंतरावर, झऱ्याचा रंग कोणत्या दिवशी बदलला, हे प्रश्न मुले स्वतःच काढतात. 'पोट सुटलंय' ठेवायचे की 'पायथ्याशी फुगवटा आला आहे' असे लिहायचे, यावर दर वर्षी वाद होतो. मागच्या वर्षी सांगलीच्या वर्गात एक मुलगा म्हणाला, फुगवटा लिहिला तर साहेबांना कळेल, पण साहेब गावात येऊन 'फुगवटा कुठे आहे' असे विचारतील तेव्हा कुणीच दाखवणार नाही. शेवटी वर्गाने दोन्ही शब्द ठेवले.

या पानांचे वाचक बहुतेक आमच्यासारखेच शिकवणारे किंवा शिकणारे आहेत. चंद्रपूर-वणीकडच्या वर्गात मातीच्या ढिगाखालच्या गावातली मुले बसत असतील, कोकण-पाटणच्या वर्गात डोंगराखालची. त्यांच्या वह्यांत डोंगर पाणी पितो, जमीन श्वास टाकते, ढीग चालतो, अशी वाक्ये येतील. अलंकार ओळखण्यापूर्वी एकदा त्या मुलाला जवळ बोलावून विचारावे, हे तू कुठे पाहिलेस आणि कधी. उत्तर अलंकाराचेच निघाले तर गुण द्यायला आपण मोकळे आहोतच.